उन्हाळ्यात काय घालावं, हे सांगणारा तो फॉरवर्ड आणि त्यातला घोळ

मार्च संपत आला की फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड उगवतोच. दरवर्षी फोटो वेगळा, मजकूर तोच. उन्हाळ्यात फक्त पांढरं किंवा फिकट घाला, काळ्याला हातही लावू नका, शंभर टक्के कॉटन सोडून बाकी सगळं प्लास्टिक, रेयॉनसुद्धा, जितके कमी कपडे तितकं अंग गार, आणि शेवटी स्टाईल वगैरे जूनपर्यंत विसरा. वाचायला पटतं, कारण प्रत्येक वाक्यात थोडं थोडं खरं आहेच, पण तेवढ्यावर विसंबून खरेदी केली तर डोंबिवलीचा माणूस चिकचिकणार आणि अकोल्याचा भाजून निघणार, दोघं वेगवेगळ्या कारणाने. मूळ घोळ हाच की लिहिणाऱ्याला वाटतं महाराष्ट्रात उन्हाळा एकच असतो.

तसं नाहीये. शरीराकडे गार व्हायला उन्हाळ्यात खरा उपाय एकच, घाम, आणि तो नुसता येऊन भागत नाही, उडाला पाहिजे. एक लिटर घाम अंगावरून पूर्ण उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो, तोच हनुवटीवरून टपकून खाली पडला तर जवळपास काहीच नेत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतसुद्धा नाही, आला की उडाला, पण ती हवाच ४४-४५ वर (नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ नोंदलंय) आणि आपली कातडी ३५ च्या आसपास, म्हणजे वारा आला तरी तो अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून टाकतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे पारा एरवी ३४-३५ च्या आसपास असतो पण हवेत आधीच एवढं पाणी की घाम उडायला जागाच नाही. विदर्भात घरोघरी कूलर चालतात आणि मुंबईत कूलर लावला की खोली नुसती दमट होते, ते याच कारणाने. कपड्यांचंही तसंच होतं.

आता एकेक मुद्दा घेऊ.

काळ्याला हात लावू नका म्हणे

काळं कापड जास्त ऊन शोषतं, हे शाळेत शिकलोय आपण, बरोबरच आहे. पण कापड तापलं म्हणजे माणूस तापला असं नाही ना, मधे हवा असते. वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात यावर १९८० मधे 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं, भर उन्हात माणसाला एकदा काळा झगा, एकदा तसाच पांढरा झगा घालून उभं करून मोजमाप केलं, तर माणसापर्यंत पोचलेली उष्णता दोन्हीत सारखीच निघाली. काळ्याने जास्त उष्णता घेतली हो, पण झगा ढगळ असल्यामुळे ती कातडीपर्यंत यायच्या आतच हवेने नेली. आता हेच काळं जर अंगाला चिकटलेलं टीशर्ट असेल तर मात्र ती उष्णता थेट तुमच्या पाठीत, तिथे फॉरवर्ड बरोबर आहे. वकिलांचे हाल होतात ते पण कोट जाड, अस्तर लावलेला आणि बंद असतो म्हणून जास्त, नुसता काळा म्हणून नाही, आणि त्यांनासुद्धा उन्हाळ्यात सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून इतर कोर्टात काळा कोट सक्तीचा नाही.

आणि पांढऱ्याची एक बाजू कोणी सांगत नाही. साध्या पातळ पांढऱ्या कॉटन टीशर्टचं अतिनील किरणांपासूनचं संरक्षण, ज्याला युपीएफ म्हणतात, ते जेमतेम ५ ते ७ असतं, म्हणजे पाचवा-सातवा हिस्सा किरण आत येतात, आणि घामाने ओलं झालं की ३ च्या आसपास. त्याच विणीचं गडद कापड जास्त किरण अडवतं. कच्छ आणि बारमेरचा अजरख, म्हणजे ठशांनी छापलेलं कापड, बघा, गडद निळा, गडद लाल, तिकडे काय उन्हाळ्यात बर्फ पडतो का?

कॉटन सोडून सगळं प्लास्टिक

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

पहिली गोष्ट, जीन्स कशाची असते? कॉटनचीच. लेबलवर "शंभर टक्के कॉटन" वाचून मे महिन्यात कोणी जाड डेनिम घालून फिरतंय आणि वरून म्हणतंय मी कॉटनच घालतो बाबा, त्याला काय सांगायचं? धागा कुठला याच्याइतकंच कापड किती पातळ आणि वीण किती मोकळी याला महत्त्व आहे. मलमल, व्हॉईल, कोटा डोरिया, पातळ खादी ही एक जात, आणि ट्विल, कॅनव्हास, जाड होजिअरी ही वेगळीच, दोन्ही कॉटन. दुकानात कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा, पलीकडे हाताला हवा लागली तर घ्या, नाही तर लेबल काहीही म्हणू दे. दुकानदार बघतो विचित्र, बघू दे.

दुसरी गोष्ट, रेयॉन म्हणजे प्लास्टिक हे साफ चूक. रेयॉन, म्हणजे व्हिस्कोज, लाकडाच्या लगद्यापासून करतात, मूळ पदार्थ कापसातलाच सेल्युलोज. कारखान्यात रसायनं वापरून बनतो, त्याबद्दल काय आक्षेप घ्यायचा तो घ्या, पण अंगावर तो प्लास्टिकसारखा वागत नाही. कॉटन साध्या हवेत आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल धरून ठेवतं, व्हिस्कोज ११ ते १३ टक्के, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. खात्री करायचीय तर शिवणीतला एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, कॉटन आणि रेयॉन दोन्ही कागदासारखे जळून राख होतात, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेयॉनच्या खोड्या वेगळ्या, ओला झाला की कमजोर पडतो, आटतो, चुरगळतो, म्हणून कुर्ती घेताना जरा सैल घ्या आणि पिळू नका, पण फडफडतो छान आणि अंगाला गार लागतो.

तिसरी गोष्ट जरा लोकांना आवडत नाही, पॉलिस्टर प्रत्येक वेळी वाईट नसतं. सकाळी पळायला जाताना जाड कॉटन टीशर्ट घातलं की ते ओलं होऊन पोतेऱ्यासारखं अंगावर बसतं आणि कोकणातल्या हवेत तासभर सुकत नाही, तिथे जाळीदार स्पोर्ट्स टीशर्ट जास्त बरं, कारण ते पाणी पीत नाही, पसरवतं, लवकर सुकतं. वास मात्र मारतं, लगेच धुवायला टाका. याचा अर्थ ऑफिसला चकचकीत पॉलिस्टर शर्ट घाला असा अजिबात नाही.

आणि खरा चोर तर आत बसलेला असतो. अस्तर! बाहेरून छान मलमलची कुर्ती आणि आत पॉलिस्टर क्रेपचं अस्तर, साडी मऊसूत कॉटनची आणि खाली तो घट्ट लायक्रावाला शेपवेअर, सगळी कमाई पाण्यात. टेलरला ठणकावून सांगा, अस्तर कॉटनचंच हवं, आणि ब्लाऊजला टू बाय टू, म्हणजे ते पातळ सुती ब्लाऊजचं कापड, द्या ना, रोजच्या वापराला त्याच्यासारखं काही नाही. परकर साधा कॉटनचा, आणि कुर्तीखाली लेगिंगऐवजी सैल सलवार किंवा पलाझो. एवढं केलं तरी अर्धा उन्हाळा सुसह्य होतो हो.

कमी कपडे म्हणजे गार

हे सगळ्यात घातक आहे. सावलीत, दमट हवेत ठीक, डोंबिवली लोकलमधे स्लीव्हलेस खरंच आरामाचं, तिथे ऊन नसतंच, प्रश्न हवेचा असतो. पण भर उन्हात, कोरड्या ४४ अंशात उघडे दंड म्हणजे वरून ऊन आणि आजूबाजूने तापलेली हवा, दोन्हीकडून मार. शेतात निंदायला जाणारी बाई साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला घट्ट फडकं बांधते, ती काय फॅशन शोला चाललीय का, तिला माहितीये. विदर्भात दुपारी बाप्ये तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय गाडी काढत नाहीत. पुण्यातल्या स्कार्फ आणि सनकोटवर किती जोक झाले, पण दुचाकीवर गरम वारा अंगावर घेण्यापेक्षा तो पातळ कॉटनचा सनकोट केव्हाही बरा. दुपट्टा ओला करून घ्यायची युक्ती अकोल्यात मस्त चालते, ठाण्यात करू नका, ओलं फडकं तसंच ओलं राहतं आणि मान खाजते फक्त.

बनियन घालू नका, असं काही जण त्याच मेसेजला जोडून पाठवतात. शर्ट पातळ असेल तर पातळ बनियन घाम टिपतं आणि शर्टावर डाग पडत नाहीत, शर्ट जाड असेल तर नको. एवढंच, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

स्टाईल जूनपर्यंत विसरा

का बरं? उन्हाळ्याला जे सोयीचं तेच दिसायलाही चांगलं असतं, फक्त ते नीट शिवलेलं पाहिजे. सैल म्हणजे गोणपाट नाही, खांदे बरोबर मापात आणि खाली घेर मोकळा, की झालं. पुरुषांनी तर नेहरू शर्ट आणि लेंगा सोडून कशाला त्या घट्ट स्ट्रेच पँटच्या मागे लागायचं कळत नाही, अगदी ऑफिसलाच जायचं तर लिनन-कॉटनची सरळ पँट घ्या, चुरगळते, चुरगळू द्या, लिननला ते शोभतं. सीअरसकरचे शर्ट मिळाले तर जरूर बघा, त्याची वीणच अशी चुणीदार की कापड अंगाला पूर्ण टेकत नाही, मधून हवा खेळते, वर इस्त्रीची कटकट नाही.

रंगांचं एक सांगतो. घामाचे डाग सगळ्यात जास्त दिसतात ते करड्या आणि फिकट निळ्यावर, म्हणजे फॉरवर्डमधल्या त्या "फिकट" मधेच सगळी पंचाईत. पांढरं, गडद निळं किंवा भरगच्च छपाई, कलमकारी, दाबू, अजरख, यावर डाग लपतात. मुंबईत प्रेझेंटेशन असेल तर करडा शर्ट कपाटातच राहू द्या.

लग्नाचं तर काय विचारता, विदर्भात मे महिन्यातच अर्धी लग्नं. तिथे "स्टाईल विसरा" म्हणून चालतं का? खरं रेशीम पातळ असेल तर तेवढं वाईट नाही, तेही ओल टिपतं, गुदमरायला होतं ते सेमी पैठणीत, कारण ती बहुतेक वेळा पॉलिस्टर असते, आणि वर जरीचा भार. त्यापेक्षा महेश्वरी किंवा चंदेरी नेसा, कॉटन-सिल्कची, हलकी, काठही छान, फोटोतही उठून दिसते, ब्लाऊज टू बाय टूचा आणि गळा जरा मोठा. पाहुण्यांनी झब्बा मलमलचा घालावा, आतलं बनियन बिन बाह्यांचं. नवरदेवाच्या जाड, अस्तरवाल्या शेरवानीला मात्र काही इलाज नाही, गोरज मुहूर्त काढा एवढंच.