‘किड ए’ श्रोत्यांना तेव्हाच पोचला होता

रेडिओहेडचा विषय निघाला की ही गोष्ट कुणीतरी सांगतंच. १९९७मध्ये ‘ओके कम्प्यूटर’ या अल्बमने ऑक्सफर्डच्या या पाच जणांना रॉक संगीताच्या पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मग २००० साली त्यांनी गिटारी फेकून दिल्या, कम्प्यूटरवर एक थंड, विचित्र अल्बम केला, एकही सिंगल, म्हणजे अल्बममधलं एखादं गाणं वेगळं, काढलं नाही, जाहिरात केली नाही. चाहते चक्रावले, समीक्षकांनी झोडपलं, व्यवसायाच्या दृष्टीने तो आत्मघात ठरला. दहा वर्षांनी जगाला उमगलं की ‘किड ए’ काळाच्या पुढे होता.

गोष्ट ऐकायला छान आहे, म्हणूनच ती इतकी पसरली. पण तिच्यातलं एकेक वाक्य तपासायला घेतलं की हाती फारसं काही उरत नाही. तिच्यामुळे बँडचं काहीच नुकसान झालेलं नाही, उलट त्यांच्याभोवतीचं वलय वाढलंय. नुकसान श्रोत्यांचं होतं. ज्यांनी २००० साली हा अल्बम ऐकला, विकत घेतला, त्यावर नाचले, रडले, ते या गोष्टीत मठ्ठ ठरतात. आणि आज पहिल्यांदा ऐकायला बसलेला विशीतला मुलगा आधीच धसका घेऊन बसतो, की हे आपल्याला कळणार नाही.

आधी आत्मघाताचं बघू. ‘किड ए’ २ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमध्ये आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकेत आला. दोन्हीकडे तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात २ लाख ७ हजार प्रती खपल्या. ज्या ‘ओके कम्प्यूटर’शी तुलना करून ‘किड ए’ला अपयशी म्हटलं जातं, तो अमेरिकेच्या यादीत २१व्या क्रमांकाच्या वर कधीच चढला नव्हता. रेडिओहेडला अमेरिकेत पहिला क्रमांक मिळाला तो ‘किड ए’ने, आणि तोही पहिल्यांदाच.

यावर एक रास्त शंका निघते. पहिल्या आठवड्याचा खप म्हणजे आधीच्या अल्बमची पुण्याई, लोकांनी न ऐकता घेतला आणि घरी जाऊन पस्तावले, असं म्हणता येईल. शंका चांगली आहे, पण ती टिकत नाही. एक तर लोकांनी तो न ऐकता घेतलेला नव्हता. बाजारात यायच्या काही आठवडे आधीच सगळा अल्बम नॅप्स्टरवर, म्हणजे इंटरनेटवरून गाण्यांची फुकट देवाणघेवाण करायच्या तेव्हाच्या सेवेवर, फुटला होता. ज्याला फुकट ऐकायचा होता त्याने ऐकला, आणि तरीही इतक्या प्रती विकल्या गेल्या. दुसरं म्हणजे आठच महिन्यांनी, जून २००१मध्ये, ‘अम्नीझिअ‍ॅक’ आला. तो त्याच ध्वनिमुद्रणांतून निघालेला, ‘किड ए’चा सख्खा भाऊ. लोक पस्तावले असते तर या भावाला त्यांनी दारात उभं केलं नसतं. तो इंग्लंडमध्ये पहिला आला, अमेरिकेत दुसरा, आणि अमेरिकेत त्याच्या पहिल्या आठवड्याचा खप ‘किड ए’पेक्षा जास्तच होता. ‘अम्नीझिअ‍ॅक’साठी सिंगल काढली गेली, व्हिडिओ केले गेले, हे मान्य. एकूण खपात ‘ओके कम्प्यूटर’ पुढे राहिला, हेही मान्य. पण याला आत्मघात म्हणायचं असेल तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

आता श्रोते चक्रावले, या मुद्द्याकडे येतो. सगळ्यांत जास्त राग मला याचाच आहे, त्यामुळे इथे जरा थांबतो.

अल्बम यायच्या आधी, २०००च्या उन्हाळ्यात, रेडिओहेड युरोपच्या दक्षिण भागात दौरा करत होते आणि नवी गाणी वाजवत होते. जूनमध्ये बार्सिलोनात कार्यक्रम झाला आणि लगेच त्याचं मुद्रण नॅप्स्टरवर फिरायला लागलं. काही आठवड्यांनी बँड इस्रायलमध्ये पोचला तेव्हा समोरच्या लोकांना नव्या गाण्यांचे शब्द पाठ होते. बेस वाजवणाऱ्या कॉलिन ग्रीनवूडने ही हकिकत बीबीसीला मोठ्या आनंदाने सांगितली होती. अल्बम प्रकाशित व्हायला तेव्हा जवळजवळ तीन महिने होते. ज्या संगीताने श्रोते गोंधळले असं आपण म्हणतो, ते संगीत प्रकाशनाआधीच कुठल्या तरी मैदानात लोक बरोबरीने गात होते.

त्यानंतर सप्टेंबरात बँडने स्वतःचा तंबू घेऊन दौरा काढला. सुमारे दहा हजार माणसं मावतील असा तंबू, आत कुठल्याही कंपनीची पाटी नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात, ग्लासगोत तो उभा राहिला. तिथे आलेल्यांना कसली गाणी ऐकायला मिळणार हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तिकिटं काढली ती या नव्या गाण्यांसाठीसुद्धा.

आणि काही गाणी तर चाहत्यांच्या ओळखीचीच होती. ‘हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली’ १९९८च्या दौऱ्यात वाजवलं गेलं होतं. अल्बमचा शेवट करणारं ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’ तर ‘क्रीप’ या त्यांच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यापेक्षाही जुनं. ‘द नॅशनल अँथम’मधली ती अंगावर येणारी बेसची ओळ गायक थॉम यॉर्कने सोळाव्या वर्षी रचलेली. आकाशातून अचानक पडलेली परकी वस्तू म्हणून ज्याचं वर्णन होतं, त्याचा बराच भाग या मंडळींच्या पोतडीत अनेक वर्षं होता.

जाहिरात न करण्याबद्दल थोडक्यात. सिंगल नव्हतं हे खरं, नेहमीचे व्हिडिओ नव्हते हेही खरं. पण ‘ब्लिप’ नावाच्या अगदी छोट्या चित्रफिती केल्या होत्या, संगीत वाहिन्यांवर त्या लागत होत्या. अमेरिकेतल्या कॅपिटॉल या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने कुणालाही आपल्या संकेतस्थळावर चिकटवता येईल असा एक छोटा प्लेअर बनवला होता आणि त्यातून सगळा अल्बम प्रकाशनाआधी ऐकायला मिळत होता. ‘ऑप्टिमिस्टिक’ हे गाणं अमेरिकी रेडिओवर वाजत होतं. ऑक्टोबरात बँडने ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात जाऊन दोन गाणी वाजवली. जाहिरात भरपूर झाली, फक्त ती २००० सालच्या इतर रॉक बँडांसारखी नव्हती. तिचा सगळा भर श्रोत्यांनी एकमेकांना ऐकवण्यावर होता, आणि श्रोत्यांनी ते काम मनापासून केलं.

गिटारींचं काय? ‘ऑप्टिमिस्टिक’ सरळसरळ गिटारचं गाणं आहे. ‘इन लिम्बो’त गिटारी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. ‘हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली’ उभं आहे ते साध्या अकूस्टिक गिटारच्या छेडण्यावर. गंमत ‘ट्रीफिंगर्स’ची आहे. वाद्य ओळखू येऊ नये असं ते तरंगणारं ध्वनिचित्र, ज्याचं उदाहरण ‘इथे गिटार नाहीच’ म्हणून दिलं जातं, ते बँडमधल्या एड ओब्रायनच्या गिटारवादनातूनच बनवलेलं आहे. यॉर्कने त्या सुरांवर प्रक्रिया करून त्यांचा चेहरा बदलला, एवढंच. गिटारचा हट्ट सोडला असं म्हणावं. गिटार सोडली म्हणणं चूक आहे.

याहून चुकीचा शब्द म्हणजे ‘थंड’. कम्प्यूटरवर केलं म्हणून थंड, असा तो हिशेब असतो. ‘हाउ टू डिसअपिअर कम्प्लीटली’तले तंतुवाद्यांचे थर ऐका. बँडमधल्याच जॉनी ग्रीनवूडने ते लिहिले आणि ऑर्केस्ट्रा ऑफ सेंट जॉन्सच्या वादकांनी डॉर्चेस्टर अ‍ॅबीत वाजवले. हे ऑक्सफर्डशायरमधलं बाराव्या शतकातलं दगडी चर्च. त्या दगडांचा घुमारा गाण्यात आहे. त्यात जो माणसाच्या गळ्यासारखा कापरा, घसरत जाणारा सूर येतो, तो ओंद मार्तनो या वाद्याचा. मोरिस मार्तनो या फ्रेंच माणसाने ते १९२८मध्ये लोकांसमोर आणलं आणि मेसियाँसारख्या संगीतकाराने त्यासाठी रचना केल्या. जॉनीला ते मेसियाँमुळेच भेटलं. ‘द नॅशनल अँथम’मध्ये पितळी वाद्यांचा अख्खा ताफा आहे. चार्ल्स मिंगसच्या जॅझसारखा गोंगाट हवा होता म्हणून तो बोलावला होता. आणि ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’मध्ये यॉर्क ज्या वाद्यावर गातो ते पायांनी भाता मारायचं, आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेटीच्या कुळातलं. त्या वाद्याचा श्वास ऐकू येतो, त्याच्या आतली लाकडं करकरतात. याला थंड म्हणणाऱ्याने तो शेवटपर्यंत ऐकलाय का, असं विचारावंसं वाटतं.

‘इडिओटेक’ मात्र खरोखर यंत्रांचं गाणं आहे, आणि सगळ्यांत जास्त अंगात येणारंही तेच आहे. त्यातले ते चार स्वरसमूह जॉनीला एका जुन्या तबकडीत सापडले. पॉल लॅन्स्की या अमेरिकी संगीतकाराने १९७३मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या अवाढव्य आयबीएम कम्प्यूटरवर ‘मिल्ड उंड लाइज’ नावाची रचना केली होती. तिच्या मुळाशी वाग्नरच्या ‘ट्रिस्टन’ या ऑपेरातला प्रसिद्ध स्वरसमूह आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ऑपेरातून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, तिथून ऑक्सफर्डच्या स्टुडिओत, आणि तिथून तंबूत उड्या मारणाऱ्या हजारो मुलांपर्यंत हा सूर आला. वाटेत कुणालाही वाग्नर शिकावा लागला नाही. पहिलं गाणं, ‘एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस’, दहा मात्रांच्या आवर्तनात फिरतं, ‘मॉर्निंग बेल’ पाच मात्रांत. रॉकमधल्या सरधोपट चारांपेक्षा हे वेगळं आहे, पण ऐकणारा बोटं मोजत बसत नाही. त्याची मान आपोआप डोलते.

बँडने हे सगळं श्रोत्यांना पिटाळून लावण्यासाठी केलं, असंही म्हटलं जातं. घडलं ते फार साधं आणि फार दुःखाचं होतं. ‘ओके कम्प्यूटर’च्या लांबलचक दौऱ्याने यॉर्क मनाने मोडला होता. गिटार हातात घेतली की त्याला काही सुचत नव्हतं. म्हणून तो पियानोकडे वळला, एफेक्स ट्विन, ऑटेकर अशांचं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत राहिला. जानेवारी १९९९पासून बँड पॅरिस, कोपनहेगन, ग्लॉस्टरशायर असा स्टुडिओ बदलत राहिला. टेपांची रिळं भरत होती आणि गाणी पूर्ण होत नव्हती. ओब्रायनला तर छोटी, सुरेल गिटारची गाणी हवी होती. बँड फुटण्यापर्यंत गोष्टी आल्या होत्या. बुडणारा माणूस हातपाय मारतो तेव्हा काठावरच्यांचा अपमान करायचा त्याचा हेतू नसतो.

राहिले समीक्षक. टीका झाली, ती बोचरी होती, आणि तिचं केंद्र मुख्यतः ब्रिटिश संगीतपत्रांत होतं. ‘मेलडी मेकर’ने पाचपैकी दीड गुण दिले. ‘एनएमई’ने दहापैकी सात, म्हणजे झोडपलं असं तिथेही म्हणता येत नाही. ‘रोलिंग स्टोन’ने पाचपैकी चार तारे दिले, ‘स्पिन’ने दहापैकी नऊ. पिचफोर्क या संगीतविषयक संकेतस्थळाने दहापैकी दहा दिले, तेही अल्बम आला त्याच दिवसांत. फेब्रुवारी २००१मध्ये सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बमचं ग्रॅमी मिळालं, आणि वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठी नामांकनही होतं. हे सगळं सहा महिन्यांच्या आत. २००९मध्ये पिचफोर्क, रोलिंग स्टोन आणि लंडनच्या टाइम्सने त्याला दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं, त्यातल्या पहिल्या दोघांनी आधीचं मत उलटवलं नव्हतं, ते आणखी पक्कं केलं होतं. दहा वर्षांनी झालेला साक्षात्कार शोधूनही सापडत नाही.

त्या टीकेतला एक लेख मात्र महत्त्वाचा आहे, कारण आजच्या दंतकथेचं बीज मला तिथे दिसतं. कादंबरीकार निक हॉर्नबीने ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिहिलं होतं की हा अल्बम निष्ठावंतांचा धीर मागतो, आणि माणूस पगार मिळवायला लागला की धीर आणि निष्ठा दोन्ही आटतात. हॉर्नबी संगीतावर प्रेम करणारा लेखक आहे, म्हणूनच हे जास्त लागतं. कष्ट करणाऱ्या माणसाला सोपंच द्यावं, हा त्यातला सूर मला पटत नाही. पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला रजा टाकून, डबा घेऊन, थंडीत शाल पांघरून तासन्‌तास बसणारी माणसं बँकांत, शाळांत, कचेऱ्यांत नोकऱ्या करणारीच असतात. विलंबित ख्याल त्यांच्याकडून कमी धीर मागत नाही. दिवसभराच्या कामानंतर आपल्याकडून काहीतरी मागणारं संगीत हवं असणं, ही पगारदार माणसाचीही भूक आहे.

ज्यांना ‘किड ए’ आवडला नाही त्यांच्याबद्दलही हे बोललं पाहिजे, कारण दंतकथा त्यांच्यावरही अन्याय करते. असे श्रोते होते, आजही आहेत. त्यांना ‘द बेंड्स’ या बँडच्या आधीच्या अल्बममधल्या गिटारी हव्या होत्या, यॉर्कचा आवाज यंत्रात न घातलेला हवा होता, शब्द कानात शिरायला हवे होते. त्यांनी अल्बम नीट ऐकला, त्यांना कळला, आणि तरीही त्यांनी तो बाजूला ठेवला. २००३चा ‘हेल टू द थीफ’ आणि २००७चा ‘इन रेनबोज’ त्यांनीच पुन्हा मनापासून उचलले. त्यांना ‘अजून समजलं नाही’ असं सांगत फिरण्याचा अधिकार माझ्यासारख्या ‘किड ए’च्या चाहत्याला कुणी दिलेला नाही.