घरातल्या पाटल्या कुठं आहेत, ते कंपनीला विचारा

शेतकरी बंधूंनो, कापूस ग्रेडरनं नापास केला, सोयाबीन पिवळ्या मोझॅकनं नेलं, तूर अजून वावरात उभी आहे आणि तिचं काय होणार ते तुम्हाला मी सांगायला नको. तेव्हा एक जोडधंदा सुचवतो. शेळ्या नकोत, कोंबड्या नकोत, रेशीम तर नकोच नको. मत विका.

धंदा सोपा आहे. बँका, विमा कंपन्या, सोनेतारणवाले, बचत गटांना कर्ज देणारे, या सगळ्यांना ग्राहकाच्या मनात काय चाललंय ते जाणून घ्यायची फार हौस. त्यासाठी ते संशोधन करणारी कंपनी नेमतात आणि ती कंपनी गावोगावची माणसं गोळा करून 'पॅनेल' बनवते. पॅनेलवर आलात की पंधरवड्याला मोबाइलवर प्रश्न येतात. उत्तरं दिली की ५० पॉइंट, ५०० झाले की व्हाउचर.

मी आलो पॅनेलवर. पोळ्याच्या दोन दिवस आधी आमच्या पारावर एक पोरगा टॅब घेऊन आला. घाटंजी तालुक्यात इतकं गोड बोलणारा माणूस निवडणुकीशिवाय फिरकत नाही. "काका, विकायचं काहीच नाही. फक्त तुमचं मत पाहिजे." आता सांगा, उभ्या जन्मात माझं मत कोणी मागितलं? पाच वर्षांतून एकदा मागतात, आणि तेव्हाही पैसे... जाऊ द्या, विषय तो नाही.

तर माझ्या अनुभवावरून काही सूचना देतो. पाळा आणि प्रगती करा.

सर्वांत आधी, खरं बोला. आपल्याला ही सवय नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. बाजूच्या धुऱ्यावरच्या माणसानं "किती झाला भाऊ एकरी?" विचारलं की आपण "कायचा होते, चार क्विंटल" म्हणून हात झटकतो. सख्ख्या भावाला सोसायटीचा आकडा सांगत नाही. साळा घरी आला तर पासबुक गादीखाली जातं. पॅनेलशी असं वागू नका. वावर किती, ओलीत किती, सोसायटीचं थकलं का, खाजगी देणं किती आणि महिन्याला किती टक्क्यानं, कारभारणीच्या गटाचा हप्ता किती, घरात सोनं किती तोळे, त्यातलं गहाण किती. सगळं बरोबर भरा, उत्तर चुकलं तर पॉइंट कापतात.

मी बरोबर भरलं. "सोनं: चार तोळे, पाटल्या. पैकी गहाण: चार तोळे."

जूनमध्ये बियाणं-खताला ठेवल्या होत्या. घरी 'बँकेच्या लॉकरमंदी हायेत' असं सांगितलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पर्यायी मोबाइल नंबर विचारला की बायकोचा द्या. दुसरा कोणाचा पाठ असतो?

परवानग्यांचं म्हणाल तर पोळ्यातल्या तोरणाखालून बैल काढावेत तशा एकामागून एक सोडा. काँटॅक्ट? घ्या. लोकेशन? घ्या. मेसेज? घ्या की. मेसेजमध्ये असतं तरी काय? बँकेत किती आले, किती गेले, हप्ता चुकला तर त्याची आठवण, वीजबिल, गॅसची सबसिडी. म्हणजे पासबुकच, फक्त शिक्का नसलेलं. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच सांगून ठेवलं आहे की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधली नंबरांची यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. पण हे ॲप कर्ज कुठं देतं? ते तर बिचारं फक्त प्रश्न विचारतं. माझ्या फोनमधले सहाशे नंबर त्याला कशाला लागतात, असं मी पोराला विचारलं तर तो म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये आहे." सिस्टीममध्ये आहे म्हटलं की आपण गप्प. तहसीलमध्ये शिकलो ते.

सिबिलचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. चुकूनही मागवू नका, झोप जाईल.

संमतिपत्र अकरा पानांचं आणि इंग्रजीत असतं. वाचू नका, पॉइंटची वेळ टळेल.

आता मुख्य सूचना. 'तुमची माहिती निनावी ठेवली जाईल' असं ॲपात ठळक लिहिलेलं आहे. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. माझं नाव त्यांनी खरोखर काढलं असेल, मी नाही म्हणत नाही. नाव काढल्यावर उरलं काय? पुरुष, वय ४७, पिनकोड, साडेसात एकर, पैकी ओलीत दोन, २०१४ चा ट्रॅक्टर, मुलगी पुण्यात नर्सिंगला, पोरगा आयटीआय करून घरी, बायको बचत गटाची सचिव. हा कागद वाऱ्यानं उडून आमच्या पारावर पडला तर शेंबडं पोरगंही बोट दाखवून म्हणेल, ते पाहा, निळ्या गेटाचं घर. अमेरिकेत लटान्या स्वीनी नावाच्या संशोधक बाईनं २००० साली दाखवून दिलं होतं की पिनकोड, जन्मतारीख आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीन गोष्टींवरून तिथली ८७ टक्के माणसं ओळखता येतात. बाईंनी उगाच कष्ट घेतले. त्या आमच्या गावात आल्या असत्या तर जन्मतारीखसुद्धा लागली नसती, चहाच्या टपरीवर ट्रॅक्टरचं साल सांगितलं असतं तरी भागलं असतं. शहरात निनावी राहता येत असेल. शेजारच्या फ्लॅटात कोण मेलं ते कळत नाही म्हणतात. इथं तीनशे उंबऱ्यांच्या गावात कोणाच्या म्हशीला रेडकू झालं ते दूध निघायच्या आत ठाऊक असतं, आणि हे म्हणे निनावी! आणि गावाला कळलं तर एक वेळ परवडतं. गावाला आधीच अर्धं माहीत असतं, आणि गाव निदान समोर येऊन हसतं. पण संक्रांतीच्या चार दिवस आधी, वाणाचं सामान पसरून बसलेल्या बायकोच्या फोनवर एक साखरेसारखा आवाज येतो आणि म्हणतो, "मॅडम, तुमच्या चार तोळ्यांच्या पाटल्यांवर सध्या व्याज जास्त जातंय, आमच्याकडे वळवून घ्या, ग्रॅममागे रक्कमही वाढवून मिळेल."

"कोनत्या पाटल्या? त्या तं लॉकरमंदी हाये."

"नाही मॅडम, गहाण आहेत ना."

मी ओसरीत बसून तुरीच्या फवारणीचा हिशोब करत होतो. आतून आवाज आला नाही. हे लग्न झालेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. मग ती फोन तसाच हातात धरून बाहेर आली आणि म्हणाली, "हे बाई काय म्हून रायली, ऐका जरा. तुमाले ठाऊक असन." स्पीकर चालू होता. बाई पलीकडून अजून व्याजाचा दर सांगत होती.

हळदीकुंकवाला ती पाटल्यांशिवाय बसली. बायका विचारत होत्या, ती सांगत होती, "लॉकरमंदी हाये." माझं खोटं तिनं पुढं चालवलं. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पॅनेलच्या मदत क्रमांकावर फोन केला. सतरा मिनिटं गाणं ऐकलं. मग एका मुलीनं फार नम्रपणे सांगितलं, "सर, आम्ही माहिती विकत नाही. फक्त भागीदारांसोबत शेअर करतो." हे वाक्य मी घरी भिंतीवर लिहून ठेवणार आहे. पुढं म्हणाली, तुमची माहिती सोनेतारणाच्या दुकानातूनही बाहेर गेली असेल. असेल ना. पण त्या दुकानाकडे बायकोचा नंबर नव्हता. तिला कळू नये म्हणूनच दिला नव्हता! तो मी एकाच ठिकाणी भरला होता. यावर ती म्हणाली, "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे, सर. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

खरं तर सर्वेक्षणाचं सोंग घेऊन विक्री करायची नाही, संशोधन वेगळं आणि विक्री वेगळी, असं या धंद्याच्या एसोमार नावाच्या जागतिक संघटनेच्या आचारसंहितेतच आहे. प्रामाणिकपणे काम करणारी पॅनेलंही असतील. आमच्या पारावर आलं ते दुसरं.

व्हाउचरचं राहिलंच. शेजारच्या गावातल्या एकानं ५०० पॉइंट पुरे केले, व्हाउचर आलं. ज्या ऑनलाइन दुकानाचं होतं ते आमच्या पिनकोडवर माल पोचवत नाही. माहिती न्यायला हा पिनकोड चालतो, प्रेशर कुकर आणायला चालत नाही.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आहे, घाबरू नका. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. त्याच साली आम्ही कर्जमाफीच्या ऑनलाइन अर्जासाठी आधार हातात धरून रात्री-रात्री केंद्राबाहेर बसलो होतो, त्यामुळे हक्क मिळाल्याचं लक्षात आलं नाही. मग २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात लिहिलं आहे की संमती मागताना कशाला मागतो ते स्पष्ट सांगायचं, माणसाला हवं तर मराठीत सांगायचं, आणि दिलेली संमती परत घेणं हे देण्याइतकंच सोपं पाहिजे. माहिती सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. फक्त नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून पुढं अठरा महिने. म्हणजे २०२७ च्या मे महिन्यापर्यंत त्यांना उसंत. आणि हो, खोटी तक्रार केली तर आपल्यालाही दहा हजारांपर्यंत दंड आहे. माझी संमती द्यायला तीन सेकंद लागले होते. परत घ्यायला इंग्रजीत ईमेल करा म्हणाले. पोराकडून लिहून घेतला. उत्तर आलं, या पत्त्यावर आलेले ईमेल वाचले जात नाहीत.

पुढची सूचना... नाही, पुरे झाल्या सूचना. हसत हसत लिहायचं ठरवलं होतं, जमत नाही.

अरे, वीतभर धुरा कोरला तर भावाचं डोकं फोडतो ना आपण? तीन-तीन पिढ्या दिवाणी कोर्टात घालवतो ना? सातबारावर कोणाचं नाव चुकून चढलं तर तलाठ्याच्या दारात उपाशी बसतो. आणि घरातलं सगळं, बायकोचं सोनं, गटाचा हप्ता, पोरीची फी, कोणाचं किती देणं, एका अनोळखी पोरापुढं पारावर बसून ओकतो, पन्नास पॉइंटला! मी पहिला. माझ्यानंतर त्याच दिवशी तेवीस जणांनी भरलं. आपापल्या बायकांचे नंबर दिले, फोनमधले नातेवाईक दिले. त्या नातेवाइकांना विचारलं कोणी? माझ्या फोनमध्ये माझ्या विधवा बहिणीचा नंबर आहे. तिलाही कर्जाचे फोन सुरू झालेत.

सवय लागली आहे आपल्याला, दुसरं काही नाही. ई-केवायसी म्हटलं की अंगठा, फार्मर आयडी म्हटलं की ओटीपी, पीक पाहणी म्हटलं की फोटो. तिथं इलाज नाही, नाही दिलं तर अनुदान जातं. पण हा पोरगा काय तहसीलदार होता? त्याला नाही म्हटलं असतं तर काय जाणार होतं? मत द्यायचं असेल तर द्या, साबण कोणता आवडतो ते सांगा. मताला पॅन लागत नाही, आधार लागत नाही, मेसेज वाचायची परवानगी लागत नाही, बायकोचा नंबर तर लागतच नाही. ओटीपी मागितला तर ते सर्वेक्षण नव्हेच, सरळ चोरी आहे. पैसे गेले तर त्याच घटकेला १९३० या ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावा, उद्या बाजारातून आल्यावर नाही. आणि कंपनीवाल्यांनो, तुमच्यात कोणी मराठी वाचत असेल तर ऐका. गहाण पाटल्यांचा आकडा हा 'डेटा' नसतो. त्या बाईच्या आईनं एकेक वेचणीची मजुरी साठवून त्या केल्या होत्या.

पाटल्या अजून सुटायच्या आहेत. तूर निघाली की पाहू. ॲपातलं खातं बंद करायची जागा मला सापडली नाही, पोरालाही सापडली नाही. त्यात माझे ४५० पॉइंट पडून आहेत. काल रात्री नवा सर्वे आला, ५० पॉइंटचा. पहिला प्रश्न: 'गेल्या तीन महिन्यांत आपल्या कुटुंबात आर्थिक कारणावरून वाद झाला आहे का?'