मिरवणुकीच्या आधीचे पैसे

विद्यापीठाच्या मैदानी खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी निधी उभारण्याचे माजी खेळाडूंचे आवाहन दुपारीच प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन पडले होते, त्यामुळे कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळच्या आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी ते वाचून दाखवण्याची गरज कोणालाच वाटली नाही. वकीलसाहेबांनी मात्र ते छापून आणले होते आणि समासात शाईने मुद्दे काढले होते.

"मुद्दा पहिला," चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवून ते म्हणाले, "निधी म्हटला की समिती आली. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि वर एक सल्लागार मंडळ. मुद्दा दुसरा, मैदानाला भव्य प्रवेशद्वार पाहिजे आणि त्यावर देणगीदारांची नावे संगमरवरात कोरली पाहिजेत, कारण नाव दिसल्याशिवाय माणूस खिशात हात घालत नाही. मुद्दा तिसरा..."

"तिसऱ्यात शाल, श्रीफळ आणि फेटा असणार," ताई म्हणाल्या. "धावणाऱ्या पोरी कितव्या मुद्द्यात येतात, तेवढे सांगा."

ताई विद्यापीठाकडून आठशे मीटर धावलेल्या, पुढे फिजिओथेरपी शिकलेल्या आणि आता राजारामपुरीत स्वतःचे क्लिनिक चालवणाऱ्या. मैदान आणि दवाखाना अशा दोन्ही बाजू पाहिलेले आमच्यात दुसरे कोणी नाही, म्हणून या विषयात मी त्यांच्याच बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

अण्णांना मुळात ही वर्गणीच मान्य नव्हती. शिवाजी पेठेतल्या फुटबॉलसाठी उभा जन्म घालवलेला हा माणूस. हंगाम जवळ आला की दुकानादुकानांतून फिरून पैसे जमवतो, आणि परदेशी खेळाडूच्या जेवणात काय असावे यावरसुद्धा त्याचे मत असते. "पेठेचा संघ आपला, म्हणून आपण पैसे देतो," ते म्हणाले. "विद्यापीठ चालवायचे काम सरकारचे. शिवाय प्रवेश घेताना प्रत्येक पोराकडून क्रीडा शुल्क घेतात, त्याचे काय होते?"

"त्यातून संघाचा प्रवास, भत्ता आणि गणवेश निघतो," ताई म्हणाल्या. "म्हणजे स्पर्धेच्या चार दिवसांची सोय होते. उरलेले तीनशे साठ दिवस पोरगी सराव करते, तिचा पाय दुखतो, ती उपाशीपोटी धावते, त्याचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा? आणि अण्णा, पेठेतल्या पोराचा गुडघा गेला की तुम्ही त्याला रात्री दहा वाजता माझ्याकडे घेऊन येता. तीच ओढ जरा पेठेबाहेर न्या, एवढेच म्हणणे आहे."

अण्णा गप्प झाले, तशी वकीलसाहेबांनी संधी साधली आणि कायदा काढला. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ठरावीक मर्यादेच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च केले पाहिजेत, आणि त्या कामांच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक व ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण स्पष्ट शब्दांत घातलेले आहे. मग लोकांपुढे हात कशाला पसरायचे, असा त्यांचा सवाल होता. मुद्दा खरा होता आणि तो मान्य करायलाच हवा. आपल्या भागातल्या कारखान्यांकडे या कामासाठी कोणी नीट प्रस्ताव घेऊन जात नाही, ही आपलीच कसूर आहे.

ताईंनीही तो मान्य केला. "जरूर जा. ट्रॅक, व्यायामशाळा, वसतिगृह हे सगळे कंपन्यांकडून मागा, कारण त्याचे उद्घाटन होते आणि फोटो निघतो. पण फिजिओच्या दरमहा पगाराचा फोटो निघत नाही. टेपच्या गुंडाळ्यांचा निघत नाही. पोरींचे हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासण्याचा निघत नाही. आणि नेमके तिथेच खेळाडू गळतात."

मग त्यांनी गेल्या हिवाळ्यातल्या एका स्पर्धेची गोष्ट सांगितली, जी ऐकताना कट्ट्यावरचे बोलणे थांबले. चारशे मीटरची एक मुलगी मैदानाच्या कडेला बसली होती. तासाभरापूर्वी मुरगळलेल्या तिच्या घोट्यावर मैत्रिणी मायेने गरम तेल चोळत होत्या आणि जितके चोळत होत्या तितका तो सुजत होता. मैदानावर बर्फ नव्हता. ताई रस्ता ओलांडून समोरच्या रसवंतीत गेल्या, उसाच्या रसात घालायचा बर्फ फोडून घेतला, तो ओढणीत गुंडाळून घोट्याला बांधला आणि पाय उंच राहावा म्हणून खाली तिचेच दप्तर ठेवले. तेवढ्यात दुसरी आली. महिनाभर नडगी दुखत होती, तरी ती डांबरी रस्त्यावर रोज धावत होती, कारण तिला थांबायला सांगणारेच कोणी नव्हते. नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेली, तर ती सुरुवातीच्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतसुद्धा नाही. बोटाने दाबून नेमकी जागा शोधणारा जाणता माणूस जवळ लागतो. वेळेवर कळले तर सहा-आठ आठवड्यांच्या विश्रांतीत बहुतेक निभावते, उशीर झाला तर सगळा हंगाम जातो. त्या मुलीचा हंगाम गेला.

"तिच्या पायावर बर्फ बांधताना," ताई म्हणाल्या, "संगमरवराची आठवण मला एकदासुद्धा झाली नाही."

पैलवान सहसा बोलत नाहीत. ग्लास हातात धरून ऐकत बसतात. ते म्हणाले, "खाशाबांचे आठवते का कुणाला?" कोल्हापुरात हा प्रश्न विचारायचा नसतो, आणि तरीही त्यांनी सांगितले आणि आम्ही पुन्हा ऐकले. कराडजवळच्या गोळेश्वरचा, राजाराम महाविद्यालयात शिकलेला हा मल्ल, खाशाबा जाधव, १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने लंडनच्या ऑलिम्पिकला गेला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. लोकांकडे मागत फिरावे लागले, आणि प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक घेऊन आले, शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग त्यांनी कुस्त्या लढून त्या पैशातून सरांचे घर सोडवले.

"बघा!" वकीलसाहेब उसळून म्हणाले. "एक माणूस ठाम उभा राहिला की काम होते!"

"एका माणसाला घर गहाण टाकावे लागले, हे आपण सत्तर वर्षे अभिमानाने सांगतो," ताई शांतपणे म्हणाल्या. "बैलगाड्या परत येताना शंभर निघाल्या. जाताना त्या प्रत्येक गाडीवाल्याने थोडे थोडे दिले असते, तर सरांचे घर गहाण पडले नसते. आणि पैलवान, लंडनचे अर्धेच सांगितलेत तुम्ही."

पैलवानांनी मान हलवली. मातीत वाढलेले खाशाबा मॅटवर पहिल्यांदा लढले ते लंडनलाच, आणि तिथे त्यांना तयार करायला रीस गार्डनर नावाचा अमेरिकी मल्ल भेटला. तिकिटाच्या पैशाने माणूस स्पर्धेपर्यंत पोहोचतो. तिथे टिकायला मॅट लागते आणि शिकवणारा लागतो. मला वाटते, आवाहनात लिहायला हवी होती ती हीच गोष्ट, आणि नेमकी तीच त्यात नव्हती.

ताईंनी पर्समधून वही काढली. त्यांचा हिशेब साधा होता: शंभर माजी खेळाडूंनी दरमहा पाचशे रुपये दिले, तर महिन्याला पन्नास हजार होतात, तेवढ्यात अर्धवेळ फिजिओ, टेप, रक्ततपासण्या आणि गरजू मुलांना रोजची अंडी व दूध इतके सुरू करता येते. जमाखर्च दर महिन्याला मैदानावरच्या फलकावर लावायचा आणि समिती तीन माणसांची ठेवायची, त्यातला एक आजचा खेळाडू. करसवलतीचा विषय वकीलसाहेबांनी काढला, पण नव्या करप्रणालीत देणगीची ती वजावट मिळत नाही हे त्यांचे त्यांनाच आठवले आणि त्यांनी कागदावरचा एक मुद्दा खोडला.

पहिले नाव पैलवानांनी घातले, दुसरे मी. वही अण्णांसमोर आली तेव्हा त्यांनी पेन हातात घेतले आणि वकीलसाहेबांकडे रोखून पाहिले. शाहू स्टेडियमवरच्या एका जुन्या सामन्यात मंगळवार पेठेचे वकीलसाहेब लाइन्समन होते, आणि शिवाजी पेठेचा एक गोल त्या दिवशी धरला गेला नव्हता. अण्णांच्या हिशेबी तो खटला अजून निकाली निघालेला नाही.

"चेंडू रेषेच्या आत गेला होता, एवढे आज कबूल करा, मग पाचशे लिहितो."

"अण्णा, पोरींच्या औषधपाण्याचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"त्यासाठीच तर विचारतोय."

"वकीलसाहेब," ताई म्हणाल्या, "दरमहा पाचशे, वर्षाचे सहा हजार. विचार करून बोला."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "अर्धा गेला होता."

अण्णांनी वहीत आपले नाव लिहिले, पुढे अडीचशेचा आकडा घातला आणि वही वकीलसाहेबांच्या मांडीवर ठेवत म्हणाले, "उरलेले अर्धे तुमच्या नावावर." पैलवान इतके मोठ्याने हसले की चहावाला गाडी सोडून काय झाले ते बघायला आला, आणि ताईंनी वही त्याच्याही पुढे धरली.