पेव काही फुटेना

माझे डोळे कोरडे पडलेत, हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. कारण सांगताना माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असतं.

मी सांगलीतल्या एका पतसंस्थेत काउंटरला बसतो. मार्केट यार्ड जवळ. हळदीचे सौदे सुरू झाले की आमच्या रस्त्यावर उन्हालासुद्धा हळद लागते. त्यामुळे सुरुवातीला सगळा दोष मी त्या धुळीवर टाकला. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं, संध्याकाळी आकडे धूसर दिसायचे आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या. पाणी तर अखंड. एक आजी मुदत ठेव मोडायला आल्या होत्या. पावती पुढे सरकवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच पावती मागे घेतली. "ऱ्हाऊ दे बाळा. एवढं जिवाला लावून घ्यू नगंस. पुढच्या म्हैन्यात मोडते."

मग सल्ल्यांना पेव फुटलं. कुणी गुलाबपाणी सुचवलं, कुणी तूप, कुणी मध. मेहुण्यानं तर कांदा चिरायला सांगितलं. डोळे कोरडे आहेत ना, मग ओले करा! कधीकधी मेहुण्यांचा राग येतो तो उगीच नाही.

शेवटी मिरज गाठली. सांगलीकराला दुखणं आवरेनासं झालं की तो मिरजेला जातो, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. डॉक्टर मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी डोळ्यात नारिंगी रंग लावला, निळा दिवा धरला आणि म्हणाल्या, "आता डोळे मिटू नका." अश्रूंचा थर डोळ्यावर निदान दहा सेकंद अखंड राहायला हवा. माझा चारातच फाटला. मग त्यांनी खालची पापणी बोटानं हलकेच दाबली आणि समोरच्या पडद्यावर ती मोठी करून दाखवली. कडेला एका ओळीत बारीक बारीक तोंडं, आणि त्यांतून टूथपेस्टच्या ट्यूबमधून यावं तसं काहीतरी पिवळट, घट्ट, नाइलाजानं बाहेर येत होतं. "हे खाण्याच्या तेलासारखं पातळ पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

या तेलाच्या ग्रंथी वरच्या पापणीत २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. नाव मायबोमियन. हाइनरिश मायबोम नावाच्या जर्मन वैद्यानं १६६६ साली त्यांचं वर्णन लिहून ठेवलं. म्हणजे महाराज आग्र्याहून निसटले त्याच साली. तिकडे पेटाऱ्यांतून राजा सुटला आणि माझं तेल साडेतीनशे वर्षांनीही आत अडकून पडलंय.

मॅडमनी मग अश्रूंची रचना समजावली. तळाशी चिकटसर थर, मध्ये पाणी, वर तेलाचा पातळ पापुद्रा. मी म्हटलं, "तवंग." त्या हसल्या. "हो, तवंगच. तुमच्या आमटीला तेवढा तवंग नाही." तवंग नसल्यामुळे पाणी भराभर उडून जातं, डोळा चुरचुरतो, मग मेंदू घाबरून पाण्याचे टँकर सोडतो. ते बिनतेलाचं पाणी डोळ्यात टिकत नाही, सरळ गालावर येतं. म्हणजे दुष्काळ आणि पूर एकाच घरात. सांगलीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आमचा जत तालुका तहानलेला असतो तेव्हा आम्ही इकडे कृष्णेची पातळी बघत असतो.

मला मात्र सांगलीशेजारच्या हरिपूरची पेवं आठवली. जमिनीत खोल खड्डे, आत हळद, तोंड लिंपून बंद. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी त्यांची पार दैना केली, पण लहानपणी वडिलांबरोबर मी एक उघडताना पाहिलंय. लिंपण निघालं आणि आतून जो वास आला तो अजून नाकात आहे. आता माझ्या एकेका डोळ्याच्या पापण्यांत पन्नासेक पेवं ओळीनं लिंपलेली. मराठीत कशालाही पेव फुटतं, ही तेवढी फुटत नाहीत.

ती फोडायचा मार्ग म्हणजे शेक. दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं, सोसवेल इतकाच गरम. ओलं फडकं दोन मिनिटांत गार होतं म्हणून मी धुतलेल्या मोज्यात तांदूळ भरून गाठ मारली. आधी मनगटावर टेकवून बघायचं, मग डोळ्यांवर. पहिल्या दिवशी बायको डबा उघडून ओरडली, "अहो, आंबेमोहोर? डोळ्यांना रेशनचा चालत नाही का?" तेव्हापासून रेशनचा. जोडीतला दुसरा मोजा कपाटात विधुरासारखा पडून आहे. शेकानंतर वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी हलकी मालिश. मग पापण्यांच्या कडा पुसायच्या, त्यासाठी लहान मुलांचा शाम्पू कोमट पाण्यात घालून. मेडिकलवाल्या पोरानं विचारलं, "काका, बाळ किती म्हैन्याचं हाय?" मी म्हटलं, "चौपन्न वर्षांचं."

शिवाय थेंब. रात्री जेल, ते घातलं की बायकोसकट सगळं घर धुक्यातल्या महाबळेश्वरासारखं दिसतं. आणि कॉम्प्युटरपुढे आठवणीनं डोळे मिटायचे, कारण स्क्रीनकडे बघताना माणूस पापण्या हलवायचंच विसरतो. मी दोन्ही डोळे पूर्ण मिटून सावकाश उघडू लागलो. एका कर्जदाराला वाटलं, साहेबांनी होकार दिला. पेढे घेऊन आला.

पण खरा घोटाळा आमच्या शाखाधिकाऱ्यांच्या निरोप समारंभात झाला. या गृहस्थांनी बारा वर्षं माझी एक रजा सुखासुखी मंजूर केली नव्हती. मला खुर्ची मिळाली ती बरोबर पंख्याखाली. पहिलं भाषण संपेपर्यंत माझा तवंग उडाला आणि धारा लागल्या. साहेबांनी पाहिलं. सत्काराचा नारळ बाजूला ठेवून खाली आले, मला मिठी मारली आणि म्हणाले, "मला वाटायचं, तुम्हाला मी आवडत नाही."

आता ते रोज संध्याकाळी सहाला घरी येतात. माझ्या शेकाची वेळ. मी मोजा डोळ्यांवर घेऊन आडवा, त्यामुळे 'जरा बाहेर चाललोय' म्हणायची सोय नाही. ते खुर्ची ओढून संस्थेचा इतिहास सांगत बसतात. मोजा गार झाला की स्वतः उठून तव्यावर गरम करून आणतात, आणि माझी दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.

काल मध्येच गप्प झाले. म्हणाले, "हल्ली माझेही डोळे चुरचुरतात हो."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "दुसरा मोजा आहे ना कपाटात!"