‘ओरडणे’ म्हणजे दर वेळी ‘शाउट’ नव्हे

मराठीतून इंग्रजीत अनुवाद करताना सगळ्यात जास्त घोळ घालणारं क्रियापद म्हणजे ‘ओरडणे’. कावळा ओरडतो, मांजर ओरडतं, बाबा ओरडतात. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी ‘शाउट’ टाकलं की वाचणारा हसतो. कारण ‘शाउट’ माणसाचं, आणि त्यात बहुतेक वेळा शब्द असतात. शब्दाविना नुसती किंकाळी असेल तर ‘स्क्रीम’. ती एकदम चिरकी, कानात घुसणारी असेल तर ‘श्रीक’.

शाळेत पाठ केलेली ‘डॉग्ज बार्क, कॅट्स म्यू’ ही यादी परीक्षेपुरती ठीक, पण लिहिताना तिचा फारसा उपयोग होत नाही. कोणता प्राणी हे वाचकाला आधीच माहीत असतं. तो का ओरडतोय, हे शब्दाने सांगायचं असतं. कुत्र्याचंच घ्या. शेपटीवर पाय पडला आणि तो क्षणभर केकाटला, तर ‘येल्प’. दाराशी बसून आत घ्या म्हणून नाकातून लांबवर कुंईकुंई करत असेल तर ‘व्हाइन’. भीतीने किंवा दुखण्याने क्षीण, तुटक कण्हत असेल तर ‘व्हिम्पर’. घशातून गुरगुरला तर ‘ग्राउल’, त्यात दातही विचकले तर ‘स्नार्ल’. मान वर करून लांब गळा काढला तर ‘हाउल’. उगाच भुंकणाऱ्या चिमुकल्या कुत्र्याचं ते ‘यॅप’. या सातही ठिकाणी ‘बार्क’ लिहिलं तर प्रसंगच हातातून जातो.

गुरगुरण्यात एक खड्डा आहे. मांडीवर डोळे मिटून बसलेली मांजरही मराठीत गुरगुरतेच. तिथे ‘ग्राउल’ लिहिलंत तर ती आता चावणार असं वाटेल. ते ‘पर’.

घोड्याच्या बाबतीत उलटी अडचण. आपलं एक खिंकाळणं, त्यांची तीन. दूरवर ऐकू जाणारं ‘नेय’, जरा हळुवार आणि वरच्या पट्टीतलं ‘व्हिनी’, आणि चारा घेऊन येणारं ओळखीचं माणूस दिसल्यावर तोंड मिटून केलेलं ‘निकर’. कोंबडा ‘क्रो’ करतो, क्रो मात्र ‘कॉ’ करतो. हे कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं देव जाणे.

माणसाच्या रडण्यात चुका जास्त, कारण ‘क्राय’ सगळीकडे चालून जातं. नुसती आसवं गाळणं ‘वीप’, आणि हा शब्द थोडा पुस्तकी. हुंदके देत, श्वास अडकत रडणं ‘सॉब’. पोराने भोकाड पसरलं तर ‘बॉल’ (उच्चार चेंडूसारखाच, स्पेलिंग वेगळं).

हंबरडा तर खासच. शब्द गाईच्या हंबरण्यातला, म्हणून कुणी ‘बेलो’ लिहितं. पण माणूस ‘बेलो’ करतो तो बहुधा संतापून, दणदणीत आवाजात. मुलाच्या प्रेताशी हंबरडा फोडणारी आई इंग्रजीत ‘वेल’ करते. कण्हण्याला ‘मोन’ आणि ‘ग्रोन’ दोन्ही चालतात, पण ‘ग्रोन’ जास्त खोल. जड पेटी उचलताना किंवा एखाद्या फालतू विनोदावर निघतो तो ‘ग्रोन’.

आणि ‘शाउट’च वापरायचं असेल तर पुढचं शब्दयोगी नीट बघा. ‘शाउट ॲट’ म्हणजे रागावून अंगावर ओरडणं, ‘शाउट टू’ म्हणजे लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून. ‘आई मला ओरडली’मध्ये तर आवाज चढलेलाच असतो असं नाही. ती नुसती रागावली असेल तर ‘स्कोल्ड’ लिहा.