बंद घराचं कुलूप कुणी काढायचं?

विषय निघाला कट्ट्यासमोरच्या बंद घरावरून. पत्रपेटीत इतकी पाकिटं कोंबलीत की झाकण मिटत नाही. मीटरपासूनच्या वायरी कुणीतरी ओरबाडून नेल्यात. छपराच्या कडेतून एक झाड डोकावतंय.

मास्तर म्हणाला, "असल्या घरांसाठी सरकारने लँड बँक काढावी."

"म्हणजे कर्ज देणार?" बंड्याने विचारलं.

"बँक म्हटलं की तुला हप्तेच आठवतात. अरे, ही जागांची बँक. कर थकलेल्या, बेवारस जागा ताब्यात घ्यायच्या, कागद साफ करायचे आणि वापरणाऱ्याला द्यायच्या. अमेरिकेत सेंट लुईसने १९७१ सालीच सुरू केली."

"त्याला वेगळं खातं कशाला? कर थकला, काढा लिलाव!"

इथे वकील उचकला. एरवी तो नुसता ऐकतो. "लिलावात घेतो कोण? राहणारा नाही घेत. कुठेतरी लांब बसून ऑनलाइन दहा घरं मातीमोलाने उचलणारा घेतो, तीही न बघता. एकाचंही छप्पर नीट करत नाही. भाव चढला तर विकतो, नाहीतर करही भरत नाही. दोन-तीन वर्षांनी तेच घर परत लिलावाला, तोवर एक भिंत बसलेली."

"मग राहणाऱ्याने का घेऊ नये?"

"कागद! मालक वारलेला, वारस पाच, त्यातला एक कुठे असतो ते बाकीच्या चौघांनाही ठाऊक नाही. वर जुन्या कर्जाचा बोजा. घराच्या किमतीपेक्षा टायटल क्लिअर करायला जास्त खर्च. कोण कर्ज देईल अशा घरावर? अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने १९९९ साली कायदाच बदलला. कर थकवलेलं घर सरकारच्या हाती यायला आधी सहा-सात वर्षं जायची, ती तीनेकवर आली, आणि कोर्टातून बाहेर पडताना मालकी स्वच्छ. तिथल्या फ्लिंट शहराची लँड बँक त्याच जोरावर उभी राहिली. १९६० साली जवळपास दोन लाख वस्तीचं शहर, २०२० साली ८१ हजार. माणसं गेली, घरं राहिली."

मला विचाराल तर 'बँक' हे नावच फसवं आहे. हा मुळात कागदांचा धोबीघाट.

बंड्या हटला नाही. "आणि ज्याचं घर जातं त्याचं काय? अमेरिकेतल्याच मिनेसोटात एका आजीबाईंचा फ्लॅट गेला. व्याज-दंडासकट देणं १५ हजार डॉलर, विकला ४० हजारांना, वरचे २५ हजार काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, गिळले!"

"२०२३ साली सुप्रीम कोर्टाने ते एकमताने चूक ठरवलं. देणं वळतं करून घ्या, वरचे पैसे मालकाचे."

"मग चार चांगली घरं विकून त्या नफ्यात पडकी पाडायची, हे तुझ्या बँकेचं गणित बसणार कसं?"

वकील गप्प. मुद्दा बिनतोड होता. बँक चालवायची तर पैसा उघडपणे तिजोरीतून द्यावा लागेल.

मास्तरने बाजू सावरायला डेट्रॉइट काढलं: घराशेजारचा रिकामा प्लॉट शेजाऱ्यालाच १०० डॉलरला. "नाहीतरी तिथलं गवत तोच कापत असतो. आता कुंपण घालेल, करही भरेल."

"आणि तीच लँड बँक शहरातली सगळ्यात मोठी जमीनदार झाली, ते?" बंड्या आज तयारीनिशी आला होता. "सेंट लुईसकडे पन्नास वर्षांनंतरही हजारो प्लॉट पडून आहेत. आधी मालक झोपलेला, आता सरकार झोपलेलं!"

मी म्हटलं, यादी लावा. कुठली जागा कधी घेतली, किती वर्षं पडून आहे, कुणी मागितली आणि का नाकारली, सगळं लोकांना दिसेल असं. मुदत संपली की द्यायचीच. मास्तरला पटलं. बंड्या म्हणाला, यादीवरही धूळ बसते.

"ते राहू दे," वकील म्हणाला, "ह्या समोरच्याचा मालक कोण?"

कुणालाच माहीत नव्हतं. बंड्या उठला आणि रस्ता ओलांडून पत्रपेटीतून बाहेर आलेलं पाकीट वाकून बघून आला.

"नाव पावसाने पुसलंय," तो म्हणाला. "शिक्का कर खात्याचा आहे."