लिंक दिली म्हणजे संदर्भ दिला असं नाही

‘शोधनिबंधात ऑनलाइन संदर्भ देण्याचे चार सोपे नियम’ असा एक फॉरवर्ड फिरतो आहे. प्रबंध सादर करायला तीन आठवडे उरलेल्या भाचीलाही तो आला आणि तिने निम्मी संदर्भसूची त्याबरहुकूम बदलूनही टाकली. नियम असे: लिंक दिली की संदर्भ झाला, पान कधी पाहिलं ती तारीख देणं आता बंद, विकिपीडियाच्या तळाचे संदर्भ उचलून आपले म्हणून द्यावेत, आणि वेळ नसेल तर यादी एआयकडून करून घ्यावी.

पहिला नियम सगळ्यांत साळसूद दिसतो आणि सगळ्यांत जास्त नुकसान तोच करतो. लिंक हा नुसता पत्ता. भाडेकरू गेला की त्या पत्त्यावर कुलूप तरी असतं नाहीतर भलताच कुणी भेटतो. नाव माहीत असेल तर माणूस दुसरीकडे शोधता येतो. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ साली हे मोजून दाखवलं. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि इतर नियतकालिकांतल्या ७० टक्क्यांहून जास्त, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या ५० टक्के लिंका मुळात उद्धृत केलेल्या मजकुरापर्यंत नेत नव्हत्या. यात नुसत्या बंद पडलेल्या लिंका नाहीत. पान उघडतं, पण मजकूर बदललेला असतो, हाही प्रकार आलाच. हे जास्त वाईट, कारण तपासणाऱ्याला वाटतं की विद्यार्थ्यानेच थापा मारल्या.

त्यात उतरवून घेतलेली लिंकच पुष्कळदा कुचकामी असते. ग्रंथालयाच्या लॉगिनमधून उघडलेल्या लेखाची लिंक बाहेरच्याला फक्त लॉगिनचं पान दाखवते. डेटाबेसमधल्या शोधनिकालाची लिंक सेशन संपलं की मरते. वाक्य संपलं म्हणून दिलेला पूर्णविराम लिंकला चिकटतो आणि चांगली लिंकही उघडत नाही.

तेव्हा आधी लेखक (व्यक्ती नसेल तर संस्था), प्रकाशनाची तारीख, पानाचं शीर्षक, संकेतस्थळाचं नाव, आणि मग लिंक. तारीख सापडत नसेल तर तसं लिहा. पानाच्या तळाशी असलेलं कॉपीराइटचं साल उचलू नका, ते बऱ्याच ठिकाणी दरवर्षी आपोआप बदलतं. लेखाला डीओआय, म्हणजे ‘१०.’ने सुरू होणारा कायमचा ओळख-क्रमांक, असेल तर तोच द्या. प्रकाशकाने लेखाची जागा बदलली तर नोंद सुधारणं हे त्याचं काम. डीओआय नसेल तर पान ज्या दिवशी वाचलं त्याच दिवशी वेबॅक मशीनच्या (वेबपानांच्या प्रती साठवून ठेवणारं संकेतस्थळ) ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाका. मिळालेल्या लिंकमध्ये १४ आकडे असतात: २०२४०३१५०६३००० म्हणजे १५ मार्च २०२४, सकाळचे साडेसहा, जागतिक वेळेनुसार. साठवलेली प्रत एकदा उघडून बघाच, कारण लॉगिनमागचा मजकूर तिच्यात येत नाही आणि मागाहून भरणारे तक्ते कधीकधी कोरेच राहतात.

तारखेच्या नियमात अर्धं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य. एपीए या संदर्भ देण्याच्या शैलीच्या सातव्या आवृत्तीत (२०१९) बहुतेक संदर्भांना पाहिल्याची तारीख लागत नाही, हे खरं. पण सतत बदलत राहणाऱ्या पानांसाठी ती ठेवली आहे, आणि प्रकाशनाची तारीखच नसलेल्या पानांसाठी एमएलए ही दुसरी शैलीही ती सुचवते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने अर्धंच वाक्य वाचलेलं दिसतं.

विकिपीडियाच्या तळाचे संदर्भ वाट दाखवायला उत्तम. उघडा, वाचा, मग द्या. न वाचता उचलले की पृष्ठक्रमांकातली चूकसुद्धा जशीच्या तशी उतरते. मूळ ग्रंथ मिळालाच नाही तर ज्यात वाचलं त्याचं नाव देऊन ‘मध्ये उद्धृत’ लिहावं. विकिपीडियाच्या लेखाचाच दाखला हवा असेल तर त्याचा ‘शाश्वत दुवा’ द्या, म्हणजे तुम्ही वाचलेली आवृत्तीच उघडेल.

चौथ्यावर काय बोलायचं? २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड ओढवून घेतला. असा संदर्भ वरून ओळखू येत नाही: लेखक खरा, नियतकालिक खरं, खंडाचा आकडाही पटण्याजोगा, फक्त तो लेख कुणी लिहिलेलाच नसतो. डीओआय टाकून पाहिला तर उघडत नाही, किंवा दुसऱ्याच विषयाचा लेख समोर येतो. म्हणजे प्रत्येक नोंदीचं शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोधायचं, लेखाच्या पहिल्या पानावरून लेखक, साल, खंड, पृष्ठं ताडून बघायची. एवढ्या वेळात यादी हाताने करून होते.